सोलापुरातल्या कॉम्प्युटर दुकानदारांना आणि गेमिंग झोनवाल्यांना: जुना पीसी भंगारात काढायला सांगण्याआधी हे वाचा

नमस्कार दादा, अण्णा, शेठ, काका,

नवी पेठेतल्या बोळातलं एका टेबलाचं रिपेअरिंगचं दुकान असो, सात रस्त्याकडचं काचेचं शोरूम असो नाहीतर जुळे सोलापुरातला एसी लावलेला गेमिंग झोन असो, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडून मी आजवर काही ना काही घेतलंय, कधी रॅमची कांडी, कधी एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, कधी नुसती सीमॉसची बॅटरी, आणि तुम्ही मला कधी फसवलंय असं नाही. तक्रार करायला बसलेली नाहीये. विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकली तर जुन्या पीसीवर आता गेम पण चालतात, ही एक गोष्ट बदललीय आणि ती काउंटरवर पोचलेली नाही, तेवढंच सांगायचंय, आणि थोडं सविस्तर सांगायचंय.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. मशिन उघडणं, पंख्यातली धूळ काढणं, पोरांच्या पेनड्राइव्हमधले व्हायरस झाडणं हे माझं रोजचं काम. आणि मी गेम खेळते, शाळेत असल्यापासून. आमचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाच्या कारखान्यात जॉबर होते, त्यामुळं आमच्या घरात वस्तू जुनी झाली म्हणजे संपली हा हिशोबच नव्हता. माझ्यापेक्षा वयानं मोठे माग अजून धडाधड चालताहेत या गावात, का, तर जॉबरला त्याचा कुठला भाग कधी झिजतो हे माहीत असतं आणि तो तेवढाच भाग बदलतो. धोटा बदलतो, पट्टा बदलतो, माग विकत नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. त्याच्या आठवड्याभरानं माझी मावशी तिच्या पोराचा पीसी रिक्षात घालून एका दुकानात घेऊन गेली. दुकानाचं नाव घेत नाही, घ्यायचंही नाही, कारण तिला जे उत्तर मिळालं ते गावातल्या कुठल्याही दुकानात मिळालं असतं. सहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं सेकंड हँड आरएक्स ५७० ग्राफिक्स कार्ड. मावशी विड्या वळते. त्या पीसीचे पैसे तिनं दोन वर्षं भिशी लावून जमवले होते, पोरगा बारावीला, अभ्यास पण त्याच्यावर आणि गेम पण त्याच्यावर. दुकानात सांगितलं, "मावशी, टेन बंद झालं, इलेव्हन ह्याच्यावर चढत नाय, आता ह्याचं काय होत नाय बगा. एक्स्चेंजला चार हजार देतो, नवीन अठ्ठावन्न हजारात बसवून देतो." मावशी रात्री आमच्याकडं आली, चहा पण घेतला नाही, म्हणाली, चांगला चालतोय गं, काल रात्रीपर्यंत चालत होता, एका दिवसात भंगार कसा झाला?

तिच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून हे पत्र.

खरं तर दुकानदार खोटं बोलला नाही. इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर कंपनी मान्य करते, त्यामुळं सहावी-सातवी जनरेशन जवळजवळ सगळी बाहेर. वाकड्या वाटेनं इलेव्हन चढवता येतं, तुम्ही चढवूनही देता, पण पुढच्या अपडेटची खात्री कोण देणार. टेनवरच राहायचं तर सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळतात, हे पण मावशीला कुणी सांगितलं नाही, तेवढं सांगितलं असतं तरी तिला वर्षभर श्वास घेता आला असता. पण तिसरी वाट कुणाच्या तोंडातच आली नाही, आणि माझं सगळं म्हणणं त्या तिसऱ्या वाटेबद्दल आहे. लिनक्स टाकायचं. आणि हो, गेम त्याच्यावर चालतात.

मला माहितीये तुम्ही आत्ता काय म्हणाल. "ताई, लिनक्स म्हणजे ते काळ्या स्क्रीनवालं, सरकारी हापिसातलं, गेम कुठं चालतात त्याच्यावर." पाच-सात वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणायचे. लॅबमध्ये आमच्याकडं लिनक्स आहेच, पण तो सी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलपुरता, गेम खेळायला मी घरी विंडोजवरच जायचे.

माझं मत फिरलं ते मागच्या वर्षीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला. मामेभाऊ पुण्याहून संक्रांतीला आला, नंदीध्वज बघायला, आणि बॅगेत स्टीम डेक, हातात धरून खेळायचा छोटा गेमिंग पीसी. भारतात ऑफिशियली विकत नाहीत, त्याच्या ऑफिसातला कुणीतरी अमेरिकेहून येताना घेऊन आला होता. साधारण दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवल्यासारखी लांबी, मध्ये ७ इंची स्क्रीन, दोन्ही बाजूला कंट्रोलरची बटणं. संध्याकाळी लाइट गेली, आम्ही सगळे गच्चीवर, आणि हा पठ्ठ्या अंधारात बसून एल्डन रिंग खेळतोय. पीसीचा गेम! आजीनं जेवायला हाक मारली तर त्यानं वरचं पॉवरचं बटण दाबलं, स्क्रीन काळी, खाली जाऊन शेंगाचटणी-भाकरी खाऊन आला, परत बटण दाबलं, आणि तो राक्षस तलवार उगारून जिथं होता तिथंच. विंडोजच्या लॅपटॉपवर गेम चालू असताना झाकण बंद करून बघा काय होतं ते. मी त्याच्याकडून तो हातात घेतला, मेनूतून डेस्कटॉप मोडला गेले, आणि समोर केडीई, लिनक्सवरचा डेस्कटॉप. टर्मिनल उघडलं. आर्च लिनक्स. अंगावर काटाच आला. आमच्या लॅबमध्ये पोरं ज्याला कंटाळतात त्याच कुळातली ओएस, आणि तिच्यावर विंडोजसाठी बनवलेला एवढा जड गेम, एका छोट्याशा बॅटरीवर.

तेव्हापासून मी हे सगळं खोदून वाचायला लागले, आणि यातलं जे तुमच्या कामाचं आहे ते सांगते, कारण गिऱ्हाइकानं विचारलं तर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे.

वाइन नावाचा प्रोजेक्ट १९९३ पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा, बास एवढंच काम. त्याला बरेच जण इम्युलेटर, म्हणजे अख्खं मशिनच नकली उभं करणारा प्रोग्रॅम म्हणतात, पण तो इम्युलेटर नाही. आपल्याच गावात बघा की, माग चालवणारा घरी तेलुगू बोलणार, अक्कलकोटकडून आलेला गडी कन्नड बोलणार, व्यापारी मारवाडी आणि कारकून मराठी, तरी चादरींचे गठ्ठे वेळेवर गाडीत चढतात, कारण मध्ये कुणीतरी दोन्ही भाषा जाणणारा उभा असतो. काम तर कामगारच करतो, मधला माणूस फक्त निरोप पोचवतो. वाइनचं तसंय. गेम प्रोसेसरवर सरळ चालतो, फक्त तो जेव्हा विंडोजला काही मागतो, ही फाइल उघड, ही विंडो दाखव, तेव्हा वाइन ते मागणं लिनक्सच्या भाषेत सांगून काम करून घेतं. म्हणून स्पीड फारसा मार खात नाही.

खरी अडचण ग्राफिक्सची होती. बहुतेक गेम डायरेक्टएक्सवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलायच्या एका भाषेवर लिहिलेले, आणि डायरेक्टएक्स मायक्रोसॉफ्टचं. मग फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रॅमरला निअर ऑटोमाटा हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, तेवढ्यासाठी त्यानं डायरेक्टएक्स ११ चं बोलणं व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत बदलणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या आणि डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं ते बघितलं, त्याला पैसे देऊन कामाला लावलं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून प्रोटॉन म्हणून स्टीममध्येच घालून टाकलं. डायरेक्टएक्स १२ साठी त्याचाच दुसरा भाऊ आहे, व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन. गिऱ्हाइकाला यातलं एक अक्षर कळायची गरज नाही, त्याला स्टीममध्ये हिरवं प्लेचं बटण दिसतं, तो दाबतो, गेम चालू होतो.

व्हॉल्व्हनं याच्या आधी २०१५ मध्ये स्टीम मशिन म्हणून लिनक्सवाले डबे काढले होते, ते आपटले, कारण गेमच नव्हते. म्हणजे कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळा गेम लिहावा अशी अपेक्षा होती, आणि मूठभर लोकांसाठी तो खर्च कोण करणार. प्रोटॉननं ती अपेक्षाच काढून टाकली. तुम्ही विंडोजसाठी लिहा, बाकीचं आम्ही बघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये डेक आला आणि मग गंमत उलटी झाली, गेमवाल्या कंपन्याच आपला गेम डेकवर नीट चालतोय ना हे बघायला लागल्या, कारण स्टीमच्या पानावर डेकसाठी हिरवी टिक मिळाली तर विक्री होते. डेकवर चालायचं म्हणजे लिनक्सवर चालायचं, आणि डेकमधलं जे प्रोटॉन आहे तेच प्रोटॉन माझ्या मावसभावाच्या आरएक्स ५७० वर चालतं. हे नीट लक्षात घ्या शेठ. अमेरिकेत कुणीतरी साठ हजाराचं खेळणं घेतलं, त्याच्यासाठी जी दुरुस्ती झाली ती सोलापुरातल्या विडी कामगाराच्या घरातल्या पीसीला फुकट मिळाली, त्याच दिवशी, अपडेटमध्ये.

आणि हे आता एका कंपनीपुरतं नाही राहिलं. लेनोव्होनं मे २०२५ मध्ये लीजन गो एस हा तसाच हातातला पीसी स्टीमओएस, म्हणजे डेकमधलीच लिनक्सवाली ओएस, घालून विकायला काढला, आणि तेच मशिन विंडोजवर आणि स्टीमओएसवर लावून ज्यांनी ज्यांनी तपासलं त्यांना बऱ्याच गेम्समध्ये स्टीमओएसवर फ्रेम जास्त मिळाल्या. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर जास्त पळतोय, हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यात, ६.१४ व्हर्जनला एनटीसिंक म्हणून एक भाग आला, विंडोजचे गेम एकाच वेळी चालणाऱ्या कामांची (थ्रेडची) जी रांग लावतात ती कर्नलच सांभाळतो. विचार करा, लिनक्सच्या गाभ्यात विंडोजच्या प्रोग्रॅमसाठी जागा केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हनं परत एकदा स्टीम मशिन जाहीर केलं, दहा वर्षांनी, यावेळी गेमचा प्रश्न सुटलेला असताना. स्टीमच्या दर महिन्याच्या सर्व्हेत ऑक्टोबर २०२५ ला लिनक्सवाले पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेले. तीन टक्के म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण स्टीमचं गिऱ्हाईक एवढं प्रचंड आहे की तीन टक्क्यात लाखो माणसं बसतात.

आता मावसभावाचं काय झालं ते सांगते, कारण सगळं गोडगोड झालं असं सांगितलं तर ती फसवणूक होईल.

रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन गेले, लिनक्स मिंट टाकलं, वीस मिनिटं. एएमडीचं कार्ड असल्यामुळं ड्रायव्हर शोधायची भानगडच नाही, तो लिनक्समध्ये आधीच असतो, रिझोल्यूशन, आवाज, वायफायचा डोंगल सगळं पहिल्याच बूटला. मराठी कीबोर्ड लावून दिला. स्टीम टाकलं, आणि पोराची दोन टीबीची जुनी हार्डडिस्क जोडली, तिच्यात विंडोजच्या वेळचे गेम, जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या वर. स्टीमनं डिस्क ओळखली, गेम दिसायला लागले, पोरगं खूश. प्ले दाबलं. बटणाचं स्टॉप झालं, दोन सेकंद, परत प्ले. परत दाबलं, परत तेच. ना एरर, ना काही. पोराचं तोंड उतरलं, मावशी दारातून बघतेय, तिला वाटलं संपलं सगळं.

ती डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं सी ड्राइव्ह बनवतं, त्याच्यात सी कोलन अशा नावाच्या लिंका लागतात, आणि एनटीएफएसवर नावात कोलन चालत नाही. त्यात विंडोज शेवटचं बंद करताना फास्ट स्टार्टअप चालू होतं म्हणून ती डिस्क लिनक्सनं नुसती वाचण्यापुरतीच उघडली होती, लिहायला परवानगीच नाही. मग काय, घरून माझी डिस्क आणली, गेम तिच्यावर काढले, जुनी डिस्क ईएक्सटी४ ला, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट केली, परत गेम भरले. रात्रीचे साडेअकरा वाजले. सोमवारी संध्याकाळी प्ले दाबलं तर स्क्रीनवर आलं, व्हल्कन शेडर प्रोसेस होताहेत, आणि टक्के हळूहळू पुढं सरकताहेत. पोरगं म्हणालं ताई हँग झाला. हँग नाही रे, थांब. चार-पाच मिनिटं गेली आणि जीटीएमधलं लॉस सँटोस शहर समोर. मध्यम सेटिंगवर ६० फ्रेम. मावशीनं स्क्रीनकडं नाही बघितलं, पोराकडं बघितलं.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगितलं कारण ही अडचण तुमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या गिऱ्हाइकाला येणार आहे. त्याची जुनी डिस्क एनटीएफएसच असणार. ज्याला हे माहीत नाही तो दोनदा प्ले दाबणार, लिनक्स बकवास म्हणून बोंबलणार, आणि परत कुणाचं ऐकणार नाही. तुम्हाला माहीत असलं तर तुम्ही आधीच डिस्क फिरवून देणार आणि त्याचे पैसे पण घेणार. घ्याच. माझं अजिबात म्हणणं नाही की हे फुकट करून द्या. विंडोज टाकायचे जेवढे घेता तेवढे घ्या, डेटा हलवायचे वेगळे घ्या. जॉबरला पण रोजी मिळायचीच की.

आता जे चालत नाही ते. हे तर तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलंच पाहिजे, पैसे घ्यायच्या आधी.

व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट नाही. लीग ऑफ लेजंड्स पूर्वी चालायचा, २०२४ मध्ये त्यालाही व्हॅलोरंटचंच व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं अँटी-चीट लावलं आणि बंद झाला. ईएचे नवे फुटबॉल गेम नाहीत, कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोन नाही, जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ पासून नाही, स्टोरी मोड मात्र चालतो. एपेक्स लेजंड्स तर डेकवर छान चालत होता, तो ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीनं स्वतःहून बंद केला, चीटर वाढले म्हणून. या सगळ्यांचं कारण एकच, अँटी-चीट. काही अँटी-चीट थेट विंडोजच्या कर्नलमध्ये जाऊन बसतात, तिथं प्रोटॉनचा हात पोचत नाही. काहींनी, म्हणजे ईझी अँटी-चीट आणि बॅटलआयनं, २०२१ पासून प्रोटॉनला वाट दिलीय, पण ती उघडायची की नाही हे प्रत्येक गेमच्या कंपनीच्या हातात, आणि बऱ्याच जणांनी उघडली नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या पोराचे सगळे मित्र व्हॅलोरंटच खेळतात त्याला मी लिनक्स टाक म्हणून सांगत नाही, त्याला एकटं पाडून काय मिळणार आहे.

तसंच मोबाइलचा फ्री फायर पोरं पीसीवर ज्या ब्लूस्टॅक्स इम्युलेटरमध्ये खेळतात, तो लिनक्सवर येत नाही. आणि गेमच्या बाहेरचं म्हणाल तर टॅली, कोरल ड्रॉ, फोटोशॉप. आपल्याकडं चादर-टॉवेलचं डिझाइन करणारे कितीतरी जण कोरलवर बसतात, त्यांच्या मशिनला हात लावू नका, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

म्हणजे काउंटरवर आलेल्याला पहिला प्रश्न एकच, काय काय चालवतोस? त्याच्या उत्तरावरून तुम्हाला दोन मिनिटात कळेल. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्सवर स्वतःच चालतात, प्रोटॉन पण लागत नाही. एकट्यानं खेळायचे गेम, विचर ३, एल्डन रिंग, फोर्झा होरायझन ५, हेडीस, हॉलो नाइट, असले सगळे चालतात. एखाद्याबद्दल शंका असली तर प्रोटॉनडीबी ही वेबसाइट उघडा, तिथं प्रत्येक गेमखाली खेळणाऱ्यांनी स्वतःच लिहिलेलं असतं, कुठलं कार्ड, कुठलं प्रोटॉन, काय बिघडलं, काय केल्यावर सुटलं. आणि एखादा गेम अडलाच तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनचं दुसरं व्हर्जन निवडायचं, निम्म्या वेळा तेवढ्यानंच सुटतं. एपिक गेम्स स्टोअरवरचे फुकट मिळालेले गेम हिरोइक लाँचरमधून लागतात.

कार्डाबद्दल एक. जुनं एएमडी असेल, आरएक्स ४७०, ५७०, ५८०, तर डोळे झाकून टाका, यातली मायनिंगवाली कार्डं तर आपल्याकडं ढिगानं आली होती. एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, टाकला की चालतं, पण डायरेक्टएक्स १२ च्या गेमला विंडोजपेक्षा थोड्या फ्रेम कमी मिळतात हे सांगून ठेवा. जीटीएक्स ६०० सिरीजवाल्याला मात्र नको म्हणा, त्याच्या ड्रायव्हरमध्ये डीएक्सव्हीकेच्या नव्या व्हर्जनला लागणारं व्हल्कन १.३ नाही.

अजून एक गोष्ट बोलायची की नको असं चाललं होतं, पण बोलते. आपल्या गावात नवा असेंबल पीसी घेतला की त्यात विंडोज कुठलं असतं हे तुम्हाला पण माहितीये आणि मला पण. अँटीव्हायरस बंद करून ॲक्टिव्हेटर चालवायचा आणि द्यायचं. गिऱ्हाइकाला परवडत नाही म्हणूनच करता, मी समजू शकते. पण त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय आत येतं ते मी लॅबमध्ये पोरांच्या पेनड्राइव्हवर रोज बघते, फोल्डरचे शॉर्टकट झालेले, प्रोजेक्ट गेलेले, सबमिशनच्या आदल्या दिवशी रडत उभी असलेली पोरं. लिनक्सला यातलं काहीच करावं लागत नाही. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि तुम्ही तो देताना कुणाला घाबरायचं कारण नाही.

आणि धंद्याचं म्हणाल तर दिवाळीपासून रॅमचे भाव कुठं गेलेत हे तुम्हीच मला सांगताय. एआयच्या डेटा सेंटरांनी सगळी रॅम ओढून नेली आणि इथं १६ जीबीची कांडी घेताना माणूस दोनदा फोन करून भाव विचारतो. अशात नवा पीसी विकणं तुम्हालाच जड जाणार आहे. ऑफिसातून निघालेले सहाव्या-सातव्या जनरेशनचे डबे तुमच्या माळ्यावर पडून आहेत, मी बघितलेत. त्यात एक सेकंड हँड आरएक्स ५७०, एक २५६ जीबीची एसएसडी, मिंट नाहीतर बझाइट हे गेमसाठीचं लिनक्स, आणि एवढं झालं की कमी बजेटच्या पोराला पहिला गेमिंग पीसी तयार. कार्ड घालताना एसएमपीएस तेवढा बघून घ्या, ऑफिसच्या डब्यांचे एसएमपीएस लहान असतात आणि काहींचे कनेक्टर पण वेगळे.

गेमिंग झोनवाल्यांना माझं एवढंच म्हणणं की व्हॅलोरंटच्या मशिन आहेत तशाच ठेवा. पण कोपऱ्यातल्या ज्या दोन-तीन जुन्या मशिनवर इलेव्हन चढत नाही म्हणून तुम्ही कव्हर घालून ठेवलंय, त्यांच्यावर बझाइट टाका, कंट्रोलर जोडा, आणि गेमिंग मोडमध्ये सोडा. चालू केल्या केल्या डेकसारखीच मोठ्या अक्षरांची स्क्रीन येते, पोरगं डेस्कटॉपवर जाऊन सेटिंग बिघडवत बसत नाही, सरळ गेम निवडतं. काउंटर-स्ट्राइक आणि रेसिंगसाठी त्या मशिन पुरून उरतील. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत पोरं तुमच्याकडं एसीसाठी सुद्धा येतात, तेव्हा बंद पडलेल्या मशिनकडं बघत रांगेत बसण्यापेक्षा खेळू द्या की त्यांना.

एक विनंती सगळ्यांना. आता परत गड्डा आलाय, गावात पाहुणे येतील, सुट्टीत पोरं दुकानात चकरा मारतील. प्रत्येक दुकानात काउंटरवर एक, फक्त एक, जुनी मशिन लिनक्स टाकून चालू ठेवा. नवीन नको, जुनीच हवी, कारण सांगून कुणाला पटत नाही, मला पण गच्चीवर हातात घेतल्यावरच पटलं. त्याच्यावर एखादा ओळखीचा गेम चालू राहू दे. कुणी मावशी रिक्षातून डबा घेऊन उतरली तर तिला आधी ती मशिन दाखवा, आणि मग अठ्ठावन्न हजाराचा आकडा सांगा. दोन्ही ऐकून तिनं नवाच घेतला तर तो तिचा निर्णय, माझी काही तक्रार नाही.

तुमच्यापैकी कुणाला करून बघायचं असेल आणि पहिल्यांदा कुणी सोबत असावं असं वाटत असेल तर मी रविवारी मोकळी असते. तुमच्या दुकानात येऊन बसेन, एक रुपया घेणार नाही, पहिली मशिन दोघं मिळून करू, दुसरी तुम्ही करा, मी बघत बसेन. नाहीतरी महिन्यातून एकदा कशाला ना कशाला तुमच्याकडं येतेच, तेव्हा नुसतं म्हणा, ताई, ते पत्र. पेनड्राइव्ह पर्समध्येच असतो.

तुमची नेहमीची गिऱ्हाईक,
जुळे सोलापूर

ता. क. मावशीच्या पोरानं त्याच्या वर्गातल्या दोघांचे पीसी स्वतःच करून दिले. डिस्क आधी फॉरमॅट करायची हे त्याला आता कुणी सांगावं लागत नाही.